ड्युटी खलास

शेवटचा वडा तेलातून काढताना मालूने रोजच्यासारखंच नवऱ्याला मनातल्या मनात झापलं. ड्युटी संपली होती ना तुमची? मग सरळ घरी यायचं. कोणी सांगितलं होतं लॉरीपुढे उभं राहायला?

नवरा बाहेरच्या खोलीत पाटावर होता, चौकटीत. हवालदार तुकाराम रेडकर, डोक्यावर टोपी, ओठांवर मिशी, कोणाचं काही न ऐकणारा चेहरा. एरवी तो टीव्हीवर असायचा. आज वर्षश्राद्ध म्हणून त्याला खाली उतरवला होता, आणि बहारीनमध्ये, नईम भागातल्या बाजारात, झेंडू मिळेना म्हणून प्लास्टिकच्या फुलांचा हार घातला होता. वर्षभर मालू त्याच्याशी अशीच भांडत आली होती. लोकांना वाटायचं, बिचारी दुःखाने मुकी झाली आहे. मुकी कसली, तिचं तोंड आतल्या आत चालूच असायचं.

भांडण्यासारखं होतंच. गेल्या वर्षी गणपती विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुकारामची नाक्यावरची ड्युटी संपली, तो घरी निघाला, वाटेत चोरट्या मालाची लॉरी दिसली, हा शहाणा काठी घेऊन आडवा गेला आणि लॉरी थांबली नाही. खात्याने तिला असं सांगितलं. पुढे हेही सांगितलं, की ड्युटी संपल्यावर घरी जाताना माणूस गेला तर तो अपघात; त्याला कर्तव्यावरचा मृत्यू म्हणत नाहीत. कर्तव्यावर गेला असता तर त्याच्या जागी तिला पोलीस ऑफिसात नोकरी होती आणि मुलगी शिकेपर्यंत पोलीस लाइनीतली खोली होती. अपघाताला काय, साहेब येऊन फुलं ठेवून गेले, आणि फुलं सुकायच्या आत खोली खाली करा म्हणून शिपाई दारात उभा. जन्मभर ज्यांना सलाम ठोकला त्यांना त्याच्या बायकोला दोन दिवस जास्त द्यायचं जिवावर आलं. चीड येते नुसती.

मग अप्पांनी, म्हणजे तिच्या थोरल्या दिरांनी, तिला बहारीनला आणलं. जयप्रकाश रेडकर, डॉकवरचे फोरमन, खाडीत, म्हणजे आखातात, येऊन पुष्कळ वर्षं झालेली. अख्खा गाव म्हणाला, दीर असावा तर असा. विमानतळावरून घरी आल्यावर अप्पांनी तिचा पासपोर्ट सांभाळून ठेवतो म्हणून कपाटात घातला. काही दिवसांनी तिचं रेसिडेंट कार्ड आलं, त्यावर तिच्या नावापुढे हाउसमेड लिहिलं होतं. तसं लिहिल्याशिवाय व्हिसा मिळत नाही, मनाला लावून घेऊ नकोस, असं अप्पा म्हणाले. तिने लावून घेतलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून डॉकवरच्या पोरांचे डबे करायला लागली, आणि तिची मुलगी शुभदा वेंगुर्ल्याला आईच्या माहेरी आजीकडे राहून, शाळेतून आल्यावर आजी शेतावरून येईपर्यंत कोणाच्या तरी ओसरीवर बसायला लागली.

तो डब्यांचा धंदा मालूच्या जावेचा, स्मितावहिनींचा. दादरची मुलगी, खाडीत येऊन घर एकहाती उभं केलेली. स्मिता वाईट होती असं कोणी म्हणू नये. मालूला तिने कधी शिळं वाढलं नाही, साडी नेसवली ती आपल्यासारखीच. फक्त घरात मालवणी बोलायची नाही, मुलांच्या कानावर पडते, एवढं सांगितलं होतं. मुलं तरी कुठे मराठी बोलत होती. गावाहून आलेली आजी काही विचारायची, मुलं इंग्रजीत उत्तर द्यायची आणि आजी, आता तूच बघ, म्हणून देवाकडे बघायची. आज सकाळपासून स्मिताला एकच काळजी होती. मालू रात्री खात्याला पत्र लिहायला बसते, हल्ली गावी जायचं म्हणते. ती गेली तर डबे कोण करणार? स्वतःच्या मनातला हा प्रश्न तिला आवडला नाही, म्हणून तिने तो मालूच्या भल्यासाठी म्हणून फिरवून घेतला. विधवा बाई एकटी गावात काय करणार, इथे तिला काय कमी आहे?

शुक्रवार होता, सुट्टीचा. डॉकवरचे दोघे-तिघे गाववाले आले होते. धाकटा दीर राजन आला होता, बँकेतला, कडक शर्टातला. सासू काशीबाई खास या दिवसासाठी व्हिजिट व्हिसावर आली होती आणि आल्यापासून एसीला शिव्या घालत होती. श्राद्धाला भटजी मिळाला नाही. तेव्हा असं ठरलं की वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर असा साग्रसंगीत स्वयंपाक करायचा, तुकारामच्या नावाने वाडी दाखवायची, म्हणजे पहिलं ताट त्याच्यापुढे ठेवायचं, आणि अप्पांनी गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे हे भटजीपेक्षा वरचढ. घरातला कर्ता पुरुष हात जोडून मोठ्याने बोलतो, प्रत्येक बोलण्यावर बाकीचे होय म्हाराजा म्हणतात, आणि मग ते बोलणं नुसतं बोलणं राहत नाही. देवापितरांसमोर दिलेला तो शब्द असतो.

अप्पांना गाऱ्हाणं घालायला आवडायचं. आवाज खणखणीत होता आणि डॉकवर त्यांना कोणी इतका वेळ बोलू देत नसे. त्यांनी उदबत्ती लावली, टोपी घातली, हात जोडले.

"बा तुकाराम, आज तुका जावन वरीस झाला. ह्या परमुलखात तुझ्या आवशीन, तुझ्या भावांनी, तुझ्या बायलेन जी काय वाडी ठेवलेली आसा, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. स्वयंपाकघराच्या दारातून मालूही म्हणाली.

"काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

इथे थांबायचं. पण गाववाले समोर होते, ऐकत होते, एकाने डोळे पुसले होते. अप्पा थांबले नाहीत, मनापासून बोलायला लागले. भावावर त्यांचं प्रेम होतं, ते खोटं नव्हतं.

"तू वाघ होतंस रे. ड्युटी खलास झाली हुती. बदलीवालो येवक नाय, म्हणान नाको रिकामो सोडूक नाय. एकटो उभो रवलंस. तशीच आमची राखण कर रे म्हाराजा."

"होय म्हा..."

"नाय म्हाराजा."

गाऱ्हाण्यात असं कोणी म्हणत नाही. कधीच कोणी म्हणत नाही. काशीबाईने सगळ्या आयुष्यात ते ऐकलं नव्हतं. ती झटकन वळली आणि बघते तर मालू हातात झारा घेऊन खोलीच्या मध्ये उभी होती.

"पुन्हा सांगा, अप्पा," मालू म्हणाली. "बदलीवाला काय?"

अप्पांना आधी कळलंच नाही की आपण काय बोलून बसलो. त्यांनी समजावायच्या सुरात सांगितलं, जे त्यांच्या मते सगळ्यांना माहीत होतं. त्या संध्याकाळी ते नाक्यावर गेले होते, भावाचा निरोप घ्यायला. रजा संपली होती, सकाळची मुंबईची एस.टी. होती. तुकारामची ड्युटी खलास झाली होती पण बदलीचा शिपाई आलाच नव्हता. अप्पा म्हणाले, चल घरी, जेवू बरोबर. तुकाराम म्हणाला, तू हो पुढे, तो येईपर्यंत नाका कसा सोडू? अप्पा घरी येऊन बॅग भरायला लागले. बॅग भरून व्हायच्या आत निरोप आला.

मालू ऐकत होती आणि तिला ती सायकल आठवत होती. पोलिसांनी नंतर तुकारामची सायकल घरी आणून दिली होती. माणूस लॉरीखाली गेला आणि सायकलीला ओरखडा नाही. कुलूपसुद्धा लावलेलं होतं. किल्ली त्याच्या खिशात गेली म्हणून तिने शेजाऱ्याकडून ते तोडून घेतलं होतं. सायकलवरून घरी निघालेला माणूस सायकलीला कुलूप लावून ठेवतो का? एवढं साधं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. वर्षभर ती त्याला शिव्या घालत बसली होती.

"मग जबाबात हे सांगितलंत?"

अप्पा म्हणाले, साहेबांनी विचारलं, त्या वेळी तो ड्युटीवर होता का. मी म्हटलं, ड्युटी खलास झाली होती साहेब. पुढचं सांगणार होतो, पण साहेब लिहायलाच लागले.

"काय लिहिलं?"

"ड्युटी संपवून घरी जात असता," अप्पा हळू म्हणाले. "असं काहीतरी."

"आणि तुम्ही सही केलीत."

"मी खोटं काय बोललो? टाइम झालाच होता त्याचा."

यात अप्पा खोटं बोलत नव्हते हीच तर चीड आणणारी गोष्ट. इतकी वर्षं डॉकवर काढलेला माणूस. भोंगा वाजला की ड्युटी खलास. त्यानंतर थांबलात तर तो ओव्हरटाइम, तुमचा तुम्ही. खाडीत सगळे असंच बोलतात. सिमेंट ओतणारा, डबे नेणारा, बँकेतला, सगळे. गावच्या चौकीत, भावाचं प्रेत बाजूच्या खोलीत असताना, त्यांच्या तोंडून तेच आलं. आणि साहेबांना तेच हवं होतं. बदलीचा माणूस नाक्यावर धाडला नाही हे कागदावर आलं असतं तर साहेबांची मान अडकली असती. अप्पांनी खलास म्हटलं आणि सुटले साहेब. सुटले अप्पा, दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ला. अडकली मालू.

दार वाजलं. स्मिताने घाईने उघडलं, कारण आता गाववाल्यांसमोर हे थांबायला हवं होतं. दारात खालची घरमालकीण आमिना, हातात खजुराचं ताट. तिचा नवरा बहारीनच्या पोलिसात होता आणि तोही नोकरीत असतानाच समुद्रावर वारला होता. त्याचे जुने सोबती अजून दर शुक्रवारी न विचारता तिच्या दारात मासळी ठेवून जात. मालू संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसे. दोघींना मिळून जेवढं हिंदी येत होतं त्यात त्यांचं सगळं बोलणं होई.

"उम्म शुभदा किधर?" आमिनाने विचारलं.

स्मिता म्हणाली, असं कोणी इथे राहत नाही.

"मैं है," मालू म्हणाली. तिकडे बाईला तिच्या लेकराच्या नावाने हाक मारतात. शुभदाची आई. या घरात त्या नावाची बाई राहते हे कोणाला माहीत नव्हतं.

आमिनाने फोटोकडे बघितलं, मालूकडे बघितलं, काय झालं म्हणून विचारलं. मालूने सांगितलं. रडत नाही, ओरडत नाही, हिशेब सांगावा तसं. साहब ने लिखा ड्युटी खलास. ड्युटी खलास नहीं था. आमिनाने विचारलं, साहेबाला कोणी सांगितलं? मालूने झाऱ्याने अप्पांकडे दाखवलं. आमिना आत आली. खजुराचं ताट तुकारामपुढे ठेवून ती दाराजवळच्या भिंतीला टेकून खाली बसली आणि तिथून उठली नाही. अप्पांना ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

"तुम्ही गावी यायला हवं," मालू अप्पांना म्हणाली. "त्या साहेबांसमोर उभं राहून सांगायला हवं की तो घरी निघाला नव्हता."

राजनला वाटलं आता आपण बोललं पाहिजे. वहिनी अगदी बरोबर बोलतायत, तो म्हणाला, धिस इज व्हेरी सिरियस. आपण इथल्या एम्बसीत अफिडेव्हिट करू आणि पाठवून देऊ, अप्पांना जायलाही नको. मालू म्हणाली, वर्षभर माझे कागदच फिरतायत, भाऊजी. एका टेबलावरून दुसऱ्यावर. नाक्यावर त्याला शेवटचं बघणारा माणूस हा एकच आहे आणि तो समोर उभा राहिल्याशिवाय कोणी मान वर करून बघणार नाही. राजन म्हणाला, ते खरं आहे, अप्पांनी जायला पाहिजे. दोन मिनिटं तो फार शूर होता.

मग अप्पा भडकले. रजा मागच्या वर्षीच घेतली. आता मध्येच पुन्हा मागितली तर कंपनी म्हणेल, जा, आणि परत येऊ नको. व्हिसा गेला तर हे घर कोण चालवणार? आईची औषधं कोण करणार? आणि तुला इथे आणला कोणी, राजन? बँकेतल्या साहेबाच्या दारात तुझ्यासाठी जाऊन उभा कोण राहिला? आज मला शिकवतोस?

राजनने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. म्हणाला, तसं नाही अप्पा, म्हणजे, दोन्ही बाजू बघायला हव्यात. मालूने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता स्मिता बोलली, आणि तिच्या बोलण्यात काळजी होती, हे खरं. मालू, झालं ते झालं. तो परत येणार आहे का? इथे तुला घरच्यासारखं ठेवलंय. पुढच्या वर्षी शुभदालाही आणू, इंशाल्ला.

"घरच्यासारखं," मालू म्हणाली. "माझ्या कार्डावर काय लिहिलंय, वहिनी? वाचा ना मोठ्याने, तुमच्या मुलांना इंग्रजी येतं. हवालदाराची बायको आहे मी. त्याच्या जागी मला खुर्ची आहे, माझ्या पोरीला खोली आहे. ते त्याने कमावलंय. तुमच्या उपकारात मला नको ते. मी इथे डबे करते कारण तुम्ही एक सही केलीत आणि तुम्हाला एस.टी. पकडायची होती."

गाववाल्यांपैकी एकजण उठून चपला शोधायला लागला. कोणी त्याला थांबवलं नाही, पण तो गेलाही नाही.

काशीबाई इतका वेळ पाटाशेजारी बसून होती. वर्षभर, आधी गावात आणि मग पत्रांतून, तिने मालूला हेच ऐकवलं होतं, की तो थांबलो कित्याक, घराक येवचा होता. अप्पांबद्दल तिने कधी वावगा शब्द ऐकून घेतला नव्हता. का घेईल? जया पैसे पाठवायचा, जयाने तिला विमानातून आणलं होतं, तिचं म्हातारपण जयाच्या हातात होतं. तुकाराम काय, नुसता रोज घरी यायचा. रोज संध्याकाळी यायचा, पट्टा खुंटीला लावायचा आणि आये चाय दी म्हणायचा. त्या संध्याकाळी तिने त्याच्यासाठी चहा टाकून ठेवला होता, तो आटत गेला आणि तिने दोनदा पाणी घातलं, हे तिला आज इतक्या लांब, या गार खोलीत आठवलं. आणि जया शेजारच्या खोलीत बॅग भरत होता. त्याला माहीत होतं तो का आला नाही ते. त्याने आईलाही सांगितलं नव्हतं.

"जया," ती म्हणाली, "माका तू कित्याक सांगलंस नाय?"

अप्पा म्हणाले, आये, माका वाटला तुका खबर आसा. पण ते तिच्याकडे बघून म्हणाले नाहीत.

काशीबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, विझलेली उदबत्ती काढली, नवी लावली. मग पाटासमोर उभी राहिली आणि हात जोडले. अप्पा पुढे झाले. आये, गाऱ्हाणा बायकांनी घालूचा नसता.

"गप रव," काशीबाई म्हणाली. "पुरुषान घातला ता आयकला मी."

 तिचा आवाज अप्पांसारखा खणखणीत नव्हता, पण तो थरथरतही नव्हता.

"बा तुकाराम, तुझी ड्युटी खलास होवक नव्हती रे. तू नाक्यार होतंस म्हाराजा."

"होय म्हाराजा," मालू म्हणाली. आमिनाला शब्द कळले नव्हते, पण म्हणायची वेळ कळली होती. तिने काहीतरी पुटपुटलं.

"तुझ्या बायलेक आमी मोलकरीण करून ठेवला, ता आमचा चुकला रे म्हाराजा."

गाववाले म्हणाले. राजन म्हणाला, घोगऱ्या आवाजात. स्मिताचे ओठ हलले आणि तिचे डोळे भरून आले. ते रागाने की लाजेने हे तिचं तिलाच ठाऊक.

"तुझो थोरलो भाव येत्या जहाजान नायतर इमानान गावाक जातलो. त्या सायबाच्या म्होरे उभो रवान सांगतलो, भाव माझो घराक निघूक नव्हतो. चाकरी जावंदे, नायतर रवांदे. हो शब्द आमी तुका देतव रे म्हाराजा."

मालूने म्हटलं. राजनने म्हटलं. गाववाल्यांनी म्हटलं. मग सगळे थांबले, कारण हे एका माणसाने म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, वाडी उचलता येत नव्हती, कोणाला घास घेता येत नव्हता. खीर थंड होत होती. अप्पा भावाच्या फोटोकडे बघत होते. एकदा त्यांनी दाराकडे बघितलं. दाराशी आमिना बसली होती. मग त्यांनी आईकडे बघितलं, तिचे हात अजून जोडलेले होते आणि दुखत असणार, कारण ते हळूहळू खाली येत होते आणि ती ते पुन्हा वर नेत होती.

"होय म्हाराजा," अप्पा तोंडातल्या तोंडात म्हणाले.

काशीबाई हात सोडणार तोच मालू पुढे आली. या घरात आल्यापासून ती मालवणीत एक वाक्य बोलली नव्हती.

"मोठ्यान म्हणा, अप्पा," ती म्हणाली. "लिवन घेणाऱ्याक आयकाक जावक होया."